फ्लोटवर सगळं छान दिसतं

माझा मेहुणा अति उच्चदाब उपकेंद्रांच्या चाचणी विभागातून निवृत्त झाला. उमेदीची वर्षं चंद्रपूरकडे गेली, शेवटची कराडला. माझी लेक नवी मुंबईत, महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये यूपीएस आणि त्यांच्या बॅटऱ्या सांभाळते. दोघांचं दैवत एकच, शिसं आणि गंधकाम्ल. पूजाविधीवरून मात्र हाडवैर. मामाचा विश्वास पाणी घालायच्या उघड्या ट्युब्युलर सेलवर, भाचीचा सीलबंद एसएमएफवर. सणावाराला एकत्र आले की जुंपतेच. या वेळी मी वही घेऊन मध्ये बसलो. माझा स्वतःचा अधिकार घरच्या इन्व्हर्टरला पाणी घालण्याएवढाच आहे.

उपकेंद्रातली बॅटरी दिवे लावायला नसते. तारेवर झाड पडलं, इन्सुलेटर फुटला, तर रिले तो दोष ओळखतो आणि ब्रेकर उघडायला सांगतो. ब्रेकरची ट्रिप कॉइल चालते डीसीवर. दोन-दोन व्होल्टच्या ११० सेल एकामागे एक जोडून २२० व्होल्टचा सेट बनवतात, तो या डीसीचा शेवटचा आधार. डेटा सेंटरमध्ये प्रकार वेगळा: १२ व्होल्टचे ४० ब्लॉक जोडून ४८० व्होल्टची एक स्ट्रिंग, अशा अनेक स्ट्रिंग. वीज गेली की जनरेटर भार घेईपर्यंत त्यांनी तग धरायचा. जनरेटर दहा-पंधरा सेकंदांत येतो, पण बॅटरी दहा-पंधरा मिनिटांची ठेवतात, कारण जनरेटर एखाद वेळी पहिल्या हाकेला उठत नाही.

मामा: तुझ्या सेलची ग्रॅव्हिटी किती?

भाची: मामा, दर वेळी हाच प्रश्न. सील आहे, ॲसिडची घनता मोजायला हायड्रोमीटर घालणार कुठून?

मामा: म्हणजे आत काय चाललंय ते दिसत नाही.

भाची: तुझ्यापेक्षा जास्त दिसतं. प्रत्येक ब्लॉकचं व्होल्टेज, तापमान, अंतर्गत रोध, स्ट्रिंगचा फ्लोट करंट, सगळं रात्रंदिवस स्क्रीनवर. तुमच्याकडे महिन्यातून एकदा एक माणूस हायड्रोमीटर घेऊन जायचा.

मामा: जायचा तरी.

भाची: जायचा का? मी शिकाऊ असताना एका उपकेंद्राचं बॅटरी रजिस्टर पाहिलं होतं. ११० सेल. सगळ्यांची ग्रॅव्हिटी बाराशे, सगळ्यांचं व्होल्टेज २.१६. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. मे महिन्यात बाराशे, डिसेंबरात बाराशे. असं खऱ्या सेलमध्ये होत नाही. ते रजिस्टर खुर्चीत बसून भरलेलं होतं.

मेहुणा हसला. नाकारलं नाही, याचं मला बरं वाटलं.

मामा: भरायचे. पायलट सेलचं, म्हणजे नमुन्यादाखल ठरवलेल्या सेलचं, रीडिंग नेमानं घ्यायचं आणि महिन्यातून एकदा सगळ्या सेलचं, असा रिवाज. लोक पायलट सेलचाच आकडा खालपर्यंत ओढत न्यायचे. त्यात आळस होता तसा धाकही होता. कमी आकडा लिहिला की वरून विचारणा, खुलासा, पत्रव्यवहार. बाराशे लिहिलं की कुणी विचारत नाही. पण मला त्या रजिस्टरचाही उपयोग व्हायचा. ज्या रजिस्टरात आकडे वेडेवाकडे, तिथं माणूस खरंच बॅटरी रूममध्ये शिरतो. जिथं आकडे एका रेषेत, तिथं मी आधी जायचो.

भाची: ही तुझी हुशारी झाली, पद्धत नव्हे. तू निवृत्त झालास, ती तुझ्याबरोबर गेली.

मामा: बरं, ग्रॅव्हिटीचं ऐक. चंद्रपूरला मेमध्ये बाहेर ४५ च्या वर. बॅटरी रूमला एसी नाही, फक्त एक्झॉस्ट फॅन. सेलमधलं ॲसिड ४२ अंशांना. हायड्रोमीटर दाखवणार अकराशे नव्वद. नवा ऑपरेटर म्हणतो, ग्रॅव्हिटी पडली. अरे, आकडा २७ अंशांचा धरायचा असतो! अंशामागे ०.०००७. पंधरा अंश जास्त, म्हणजे दहा पॉइंट वाढव. झाले की बाराशे. सेल ठणठणीत. आणि हा बाबा ॲसिडचा कॅन शोधत फिरतोय.

भाची: ओतलं?

मामा: एका ठिकाणी ओतलं होतं, मी पोहोचायच्या आधी. ग्रॅव्हिटी खरीच पडलेली असती तरी ॲसिड ओतायचं नसतंच. सेल डिस्चार्ज होते तेव्हा ॲसिडमधलं सल्फेट प्लेटांत जाऊन बसतं, चार्ज केली की परत पाण्यात येतं. ग्रॅव्हिटी कमी म्हणजे ॲसिड कुठं पळालेलं नाही, प्लेटांत अडकलंय. त्याला बाहेर काढायला करंट हवा. वरून ॲसिड ओतलंस तर आकडा सुधारतो आणि प्लेटांवरचं सल्फेट तिथंच राहून कडक होतं. पुढं कितीही चार्ज कर, ते हलत नाही. वर जास्तीचं ॲसिड प्लेटा खातं ते वेगळंच.

मी विचारलं, मग पाणी का घालायचं? घरी मी घालतो ते बरोबर की चूक?

मामा: दाजी, पाणी घालायचंच, पण डिस्टिल्ड. चार्जिंगच्या शेवटाला पाण्याचं विघटन होतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जातात, ॲसिड मागं राहतं. एका सेलमधून एक अँपिअर-तास जास्तीचा गेला की एक तृतीयांश ग्रॅम पाणी गेलं. फ्लोटला दोनशे मिलिअँपिअर जरी धरले तरी महिन्याला सेलमागे पन्नासेक ग्रॅम, ११० सेलचे पाच लिटरच्या वर. आणि पाणी घातल्या घातल्या ग्रॅव्हिटी घेऊ नका. पाणी हलकं, ते वरच तरंगतं, आकडा खोटा येतो. आधी रीडिंग, मग पाणी, मग बूस्टला लावून बुडबुड्यांनी ढवळून घ्यायचं.

भाची: आमच्याकडे यातलं काही करावं लागत नाही, मामा. प्लेटांमध्ये काचतंतूंची चटई, तिच्यात ॲसिड शोषलेलं. पॉझिटिव्हवर तयार झालेला ऑक्सिजन चटईच्या रिकाम्या फटींतून निगेटिव्हवर जातो आणि तिथं त्याचं परत पाणी होतं. बाहेर जवळजवळ काही जात नाही. म्हणून तर ऑफिसच्या मजल्यावर ठेवता येते.

मामा: जवळजवळ म्हणालीस. जे जातं ते परत कसं घालणार?

भाची: नाही घालता येत. म्हणून आम्ही व्होल्टेज नीट धरतो. तुमचा फ्लोट २.१५ पासून २.२५ पर्यंत कुठंही चालतो, वाकडंतिकडं झालं तर पाणी घालून निभावतं. आमच्याकडे सेलमागे २.२५ ते २.३०, आणि तापमान एक अंश वाढलं की साधारण ३ मिलिव्होल्ट कमी. हे नाही केलं तर सेल वाळते. आणि ऑक्सिजनचं पाणी होताना उष्णता आतच निघते. खोली तापली की फ्लोट करंट वाढतो, करंट वाढला की सेल अजून तापते, तापली की अजून करंट. बॅटरी फुगते ती अशी.

मामा: तापमान मोजणारा सेन्सर कुठं असतो?

भाची: बॅटरीवर असायला हवा.

मामा: हवा ते मलाही ठाऊक आहे. असतो कुठं?

भाची: ...काही ठिकाणी चार्जरच्या पॅनेलमध्येच गुंडाळून ठेवलेला सापडतो. एसीच्या गारव्यात.

मामा: आणि बॅटरी पलीकडच्या खोलीत शिजतेय. चार्जरला वाटतं २४ अंश आहे.

इथे दोघांचं अचानक एकमत झालं: बॅटरीला वापरापेक्षा उष्णता जास्त मारते. तापमान २५ च्या वर साधारण दहा अंशांनी गेलं की आयुष्य निम्म्यावर. आत पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजते, फुगते, कधीकधी खांबच वर उचलला जातो. मेहुण्याच्या मते चंद्रपूरच्या निम्म्या बॅटऱ्या उन्हानं मेल्या आणि कागदोपत्री दोष कंपनीवर गेला. काही हजारांचा एसी न लावता लाखोंचा सेट बदलायचा, हा हिशेब मला कधीच कळलेला नाही. लेकीच्या म्हणण्यानुसार दोन वेगवेगळ्या खात्यांचे पैसे असले की तो कळतो.

मग बूस्टवरून पेटलं. फ्लोट म्हणजे भरलेल्या बॅटरीला तिच्या अंगच्या झिजेपुरता करंट देत राहणं. बूस्ट म्हणजे रिकामी झालेली किंवा मागं पडलेली बॅटरी जास्त व्होल्टेजनं भरून काढणं. मामाच्या मते, बॅटरी वर्षानुवर्षं नुसती फ्लोटवर ठेवली की सेलसेलमध्ये तफावत पडते, उंच सेलच्या तळाला जड ॲसिड साचतं, काही सेल कायम अर्धपोटी राहतात. म्हणून अधूनमधून बूस्ट हवाच. भाचीच्या मते सीलबंद बॅटरीला नेमानं बूस्ट देणं म्हणजे तिचं पाणी उकळून काढणं. दोघंही आपापल्या बॅटरीबद्दल बरोबर आहेत. गोंधळ होतो तो एकाची सवय दुसऱ्याच्या खोलीत नेली की. जुना उघडा सेट काढून एसएमएफ बसवतात, चार्जर जुनाच, त्याची सेटिंगही जुनीच, आणि ऑपरेटर जुन्या शिस्तीनं दर महिन्याला बूस्टचं बटण दाबतो. असे सेट दोन-तीन वर्षांत गेलेले मामानं पाहिले आहेत.

भाची: बूस्ट करताना तुमचे रिले कसे वाचतात? ११० सेल, २.२ नं फ्लोट म्हणजे २४२. ते चालतं. पण २.४ नं बूस्ट केलंत तर २६४ व्होल्ट.

मामा: म्हणून बूस्टच्या वेळी बॅटरी लोडपासून वेगळी करतात, फ्लोट चार्जर एकटा लोड ओढतो. पण नेमकी तेव्हाच एसी गेली तर? म्हणून सेटच्या मधल्याच एका सेलवरून डायोडमधून लोडला वाट दिलेली असते. टॅप सेल म्हणतात. व्होल्टेज झेपेल एवढ्याच सेल लोडवर येतात, पण क्षणभरही डीसी तुटत नाही. ज्यानं हे पहिल्यांदा काढलं त्याला नमस्कार. मात्र तो डायोड उडालेला असेल तर कळणार कसं, ते विचार.

भाची: कसं?

मामा: चाचणी केल्याशिवाय नाहीच. आणि बूस्टला बसायच्या आधी फॅन चालतोय का ते बघायचं. सेल गॅसिंगला आल्यावर १५ अँपिअर जात असतील तर ११० सेलमधून तासाला सातशे लिटरच्या आसपास हायड्रोजन निघतो. पाच बाय चारची, तीन मीटर उंच खोली धर. साठ हजार लिटर हवा. चार टक्क्यांना हायड्रोजन पेट घेऊ शकतो, म्हणजे २,४०० लिटर. फॅन बंद आणि खिडक्या लावलेल्या असतील तर साडेतीन तासांत खोली तयार. मग कुणीतरी पाना घेऊन आत येतो.

मी मध्येच म्हणालो की, एवढी सगळी खबरदारी घ्यायची, तर बॅटरी दगा देते तरी कशी? मेहुण्यानं चहा बाजूला ठेवला. सगळ्या संध्याकाळीत हेच बोलणं मला महत्त्वाचं वाटलं, म्हणून ते जसंच्या तसं देतो.

मामा: एक उपकेंद्र होतं, नाव नको. फ्लोट व्होल्टेज बरोबर. पॅनेलवर डीसी २२० च्या वर. प्रत्येक सेलचं व्होल्टेज बरोबर. दोन सेलमधली एक जोडपट्टी आतून गंजलेली, वरून व्हॅसलीन चोपडलेलं, त्यामुळं चकचकीत. फ्लोटला जाणारा करंट दोन-चारशे मिलिअँपिअर, तेवढा त्या गंजातूनही जातो. चार्जरचा मीटर ० ते ५० अँपिअरचा, त्यावर पाव अँपिअर आणि शून्य यांत फरक दिसत नाही. उपकेंद्राचा सगळा डीसी लोड चार्जर ओढत होता. बॅटरी नावाला जोडलेली. आता बघ, जवळच्या फीडरवर शॉर्ट झालं. एवढं जवळ की उपकेंद्राची एसीच खाली बसली. चार्जर एसीवर. म्हणजे ज्या क्षणी ब्रेकरला डीसी हवी, त्याच क्षणी चार्जर गेला. बॅटरीनं भार घ्यायचा, तर गंजलेल्या पट्टीनं हात वर केले. रिलेनं दोष ओळखला असेल नसेल, ब्रेकर काही उघडला नाही. जो दोष शंभरेक मिलिसेकंदांत तुटायचा तो पलीकडच्या उपकेंद्रानं लाइन काढेपर्यंत जळत राहिला. ट्रान्सफॉर्मर गेला.

भाची: आमच्या मॉनिटरनं हे पकडलं असतं. पट्टीचा रोध आम्ही वेगळा मोजतो. फ्लोट करंटला मिलिअँपिअरचा सेन्सर आहे. शून्य झाला की अलार्म.

मामा: पकडलं असतं. मान्य. त्या दिवशी तुझं यंत्र असतं तर ट्रान्सफॉर्मर वाचला असता.

भाची: लिहून घ्या, बाबा.

मामा: लिहा. आणि पुढचंही लिहा. पट्टी पकडली असती. क्षमता पकडली असती का? ३०० अँपिअर-तासांची सेल आतून झिजून १८० ची झाली. फ्लोटवर तिचं व्होल्टेज किती?

भाची: २.२.

मामा: आणि नव्या सेलचं?

भाची: २.२. कळलं. व्होल्टेज चार्जर देतोय, सेल नुसतं ते दाखवतेय. पण रोध वाढलेला दिसेल ना. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा तीस-चाळीस टक्के वाढला की आम्ही तो ब्लॉक संशयित धरतो.

मामा: काही दोष दिसतात. वाळलेली सेल दिसते, तुटलेली जोड दिसते. पण रोध चांगला आणि क्षमता कमी, अशाही सेल मी डिस्चार्जला पडताना पाहिल्यात. उलटंही पाहिलंय. रोध हा इशारा झाला. किती तास चालेल याचं उत्तर एकाच प्रकारे मिळतं: चालवून.

पुढे मामा डिस्चार्ज टेस्टच्या आठवणींत शिरला आणि पंधरा मिनिटं आम्हाला बोलू दिलं नाही. ३०० च्या सेटला ३० अँपिअर, दहा तास. पूर्वी लोड म्हणून ड्रममध्ये सोड्याचं पाणी आणि लोखंडी पत्रे. पत्रा खाली सोडला की करंट वाढतो, पाणी तापलं की पुन्हा वर घ्यायचा. दर तासाला ११० सेलचं व्होल्टेज. शेवटी शेवटी पंधरा मिनिटांनी, कारण कमजोर सेल अचानक कोसळते. १.८५ च्या खाली गेली की तिचा दिवस संपला. तशीच ओढत राहिली तर शून्याच्या खाली जाऊन उलटी होते, म्हणून तिला बगल देऊन पुढं जायचं. लोड लावल्यावर पहिल्या काही मिनिटांत व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि मग थोडं वर येतं. नवा माणूस तिथंच घाबरून चाचणी थांबवतो. दहा तासांपैकी आठ तास म्हणजे ८० टक्के. त्याच्या खाली आला की सेट बदलायचा. हा ८० चा आकडा अमेरिकेच्या आयईईईच्या मानकांतही आहे, उघड्या सेलच्या ४५० मध्ये आणि सीलबंद सेलच्या ११८८ मध्येही.

मामा: आणि तुमच्या त्या ११८८ मध्ये सीलबंद बॅटरीची क्षमता चाचणी जास्तीत जास्त दोन वर्षांच्या अंतरानं सांगितलीय. शेवटची कधी केलीस?

भाची: बसवताना केली होती.

मामा: किती वर्षं झाली?

भाची: मामा, ऐक तरी. चाचणी म्हणजे बॅटरी मुद्दाम रिकामी करणं. पुन्हा भरताना पहिले ऐंशी-नव्वद टक्के लवकर येतात, उरलेल्याला दिवस जातो. तेवढा वेळ बॅकअप अपुरा. आणि एखादा नाजूक ब्लॉक असेल तर चाचणीतच जाईल.

मामा: जाऊ दे की. दिवसाढवळ्या, आपण समोर उभे असताना जाऊ दे. तो काय पहाटे तीनला जायला हवाय?

भाची: तांत्रिक अडचण नाहीच. ए आणि बी असे दोन पूर्ण फीड आहेत, एक बाजू काढता येते. पण ग्राहकाला कळवावं लागतं. आम्ही तारीख देतो, तो म्हणतो, ही नको, दिवाळीचा सेल आहे. पुढची, मार्चअखेर. त्याच्या पुढची, आयपीएल. सही कुणीच करत नाही. मग आम्ही सरळ पाचव्या वर्षी सगळा सेट बदलतो. कागदावर दहा वर्षांचा असतो.

मामा: आणि त्या पाच वर्षांत वीज गेली नाही?

भाची: अनेकदा गेली. प्रत्येक वेळी बॅटरीनं भार घेतला.

मामा: किती वेळ?

ती गप्प झाली. उत्तर मलाही आता येत होतं: दहा-पंधरा सेकंद, जनरेटर येईपर्यंत. पंधरा मिनिटांची बॅटरी झिजून पाच मिनिटांची उरली असली तरी पंधरा सेकंदांना कुठे अडणार? वीज जाते, बॅटरी पास होते, सगळ्यांचा विश्वास वाढतो आणि त्यातून काहीच सिद्ध झालेलं नसतं. जनरेटर सुरू झाला नाही तरच खरी परीक्षा.

भाची: म्हणून तर मॉनिटर आहे ना!

मामा: स्क्रीनवर आत्ता किती लाल आहेत?

भाची: सात-आठ ब्लॉक. खरेदीची मंजुरी अडकलीय. आणि जुन्या स्ट्रिंगमध्ये एकच नवा ब्लॉक घातला की तो बाकीच्यांशी जुळत नाही, कुणी जास्त चार्ज होतं कुणी कमी. त्यामुळं आम्ही थांबतो.

मामा: लाल किती दिवस लाल ठेवतात?

भाची: पूर्वीच्या एका ठिकाणी... तिथं रोज सकाळी रिपोर्ट वर जायचा. लाल दिसला की फोन. मग कुणीतरी मर्यादा तीस टक्क्यांवरून पन्नासवर नेली. सगळं हिरवं झालं.

मामा: म्हणजे तेही रजिस्टर खुर्चीत बसूनच भरलं.

भाची: ...हो. तसंच म्हणायचं.

या ठिकाणी माझं मत नोंदवतो. रीडिंग घेण्याच्या बाबतीत मी लेकीच्या बाजूचा आहे. माणूस ११० सेलचे आकडे दर महिन्याला प्रामाणिकपणे लिहील ही अपेक्षाच अवाजवी होती, आणि त्या गंजक्या पट्टीचा प्रकार यंत्रानंच टळला असता. पण यंत्र आलं म्हणून चाचणी टाळायची, इथं मेहुण्याचं खरं. त्याच्या बाजूनंही सगळं सोपं नव्हतं हे त्यानं नंतर कबूल केलं: मोठ्या उपकेंद्रांत दोन सेट असतात, एक काढून तपासता येतो, लहान ३३ केव्हीच्या ठिकाणी एकच सेट. तिथं चाचणीसाठी दुसरा सेट टेंपोतून आणून जोडावा लागायचा, आणि तो नाही मिळाला की चाचणी पुढच्या वर्षावर. दिवाळीचा सेल नव्हता एवढंच.

मी म्हटलं, लिथियम आणा, कटकट मिटेल. दोघांनीही माझ्याकडे सारख्याच नजरेनं पाहिलं. लेक म्हणाली, येतंच आहे, हलकं आहे, जास्त टिकतं; पण ऑक्टोबर २०२२ मध्ये दक्षिण कोरियात एका डेटा सेंटरच्या लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि तिथल्या काकाओ कंपनीच्या सेवा कित्येक दिवस कोलमडल्या होत्या. मेहुण्याचं म्हणणं, १८५९ मध्ये गॅस्तों प्लांतेनं शिशाच्या दोन पत्र्यांची सेल केली, त्याच्या नावाच्या प्लांटे सेल अजून बनतात, वीस वर्षं काम देतात. काचेच्या भांड्यातून आत दिसतं, पॉझिटिव्ह चॉकलेटी, निगेटिव्ह करडी, तळाला किती गाळ साचला तेही. लिथियमनं आधी वीस वर्षं काढून दाखवावीत.

भाची: आणि तुझ्या त्या वीस वर्षांनंतर शिसं कुठं जातं? आमचे ब्लॉक नोंदणीकृत रिसायकलरकडे जातात, २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंटच्या नियमांत ती जबाबदारी उत्पादकावर टाकलीय.

मामा: आमचे लिलावात जायचे. घेणारा पुढं काय करतो ते कुणी पाहायचं नाही. गावाबाहेर भट्टी लावून शिसं वितळवणारे होतेच. त्यात तुमचं बरं आहे. पण दर पाच वर्षांनी, निम्मं आयुष्य शिल्लक असतानाही टाकता, तेवढ्यांदा ते शिसं भट्टीत जातं. चाचणी केली असतीस तर कुठल्या ठेवायच्या ते कळलं असतं.

हा मुद्दा तिला लागला असं मला दिसलं. मग तिनंच विषय फुकुशिमाकडे नेला. मार्च २०११ मध्ये त्सुनामीचं पाणी शिरलं तेव्हा १ आणि २ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांची डीसी गेली. नियंत्रण कक्षातले काटे मेले. कर्मचाऱ्यांनी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि मोजमापं वाचायला त्या जोडल्या. ३ क्रमांकाच्या बॅटऱ्या मात्र पाण्यातून वाचल्या होत्या, आणि तिथल्या लोकांनी अनावश्यक लोड एकेक करून बंद केला, म्हणून त्या दुसऱ्या दिवसापर्यंत पुरल्या. तिला यात दिसलं ते असं की, बॅटरी किती भरलेली आहे याच्याइतकंच, तिच्यावर कोणता लोड आहे आणि त्यातला कोणता काढता येईल, याची यादी हाताशी हवी. मामानं लगेच विचारलं की, तुझ्याकडे आहे का. आहे म्हणाली. त्यानं पहिल्यांदा शाबासकी दिली.

शेवटी ठरलं ते एवढं: ती बी फीडच्या एका स्ट्रिंगची पूर्ण भारावर डिस्चार्ज टेस्ट मागणार. ग्राहकाला जाणाऱ्या पत्रात चाचणी केल्यास काय जोखीम, एवढा एकच रकाना असतो. त्याच्या शेजारी चाचणी न केल्यास काय, हा दुसरा ती घालणार. कोणती स्ट्रिंग घ्यायची यावर पुन्हा पेटलं.

भाची: सरळ आहे. जिच्यात सगळ्यात जास्त लाल ब्लॉक, ती.

मामा: ती नको. पूर्ण हिरवी घे.

भाची: हिरवी कशाला? तिच्यात काही सापडणार नाही.

मामा: लाल पडली तर यंत्र बरोबर होतं एवढंच कळेल, ते तुला आत्ताच माहीत आहे. हिरवी पास झाली तर त्या हिरव्यावर पाच वर्षांऐवजी सात वर्षं भरवसा ठेव आणि पैसे वाचव. नापास झाली तर बाकीच्या सगळ्या हिरव्यांचं काय करायचं ते मला फोन करून विचार.

भाची: आणि शेवटचं व्होल्टेज? तुझं १.८५ माझ्याकडे नाही चालणार, माझा दर दहा तासांचा नाही, पंधरा मिनिटांचा आहे. मी सेलमागे १.६७ धरीन.

मामा: धर. पण लगेच चार्जला लाव, दुसऱ्या दिवसावर ढकलू नकोस. आणि जोडपट्ट्यांवर थर्मल कॅमेरा ठेव, लोड चालू असतानाच. ती संधी फ्लोटवर पुन्हा मिळायची नाही.

लेकीनं तोवर फोनवर चाचणीसाठी लागणाऱ्या लोड बँकेच्या भाड्याची चौकशी सुरू केली होती.